डाग: पुढची डावी सीट

गुरुवार, ७ मार्च. सकाळी ८ वाजून ५२ मिनिटे.

गाडीत बसून लिहीत आहे. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चारही इंडिकेटर चालू. समोर लाँड्रीचे शटर अर्धे वर गेले आहे. डाव्या सीटवर कॉफी सांडून सहा मिनिटे झाली.

सगळे क्रमाने लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी काही म्हणायला नको. गाडी भावोजींची. ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी ते काल परगावी गेले, ताई आणि भाचीही सोबत गेल्या. रविवारी १७ तारखेला सकाळी १०:४० च्या ट्रेनने परत येतील. तोपर्यंत गाडी माझ्या ताब्यात. किल्ली देताना भावोजींनी एकच सूचना केली: रोज दहा मिनिटं फिरव, बॅटरी म्हातारी झालीये. मी ती लिहून घेतली. ते हसले. लिहून घेणाऱ्या माणसाला लोक हसतातच.

आता मुख्य मुद्दा. भावोजींच्या साहेबांचा ड्रायव्हर महिनाअखेरीस नोकरी सोडतो आहे. साहेब त्याच ट्रेनने परतणार. मी सगळ्यांना स्टेशनवरून आणायचे, साहेबांना त्यांच्या घरी सोडायचे, आणि त्या वीस मिनिटांत साहेब मला पारखणार. पगार आताच्या दुप्पट. शिवाय गणवेश. साहेबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे ते नेहमी पुढे बसतात. पुढे, डावीकडे.

आणि मी कॉफीचा कागदी कप ठेवला होता तो पुढे, डावीकडे. तिथे सीटवर भावोजींचा एक निळा टॉवेल चौघडी करून पसरलेला असतो. त्यावर कप अगदी व्यवस्थित, कोणालाही शिकवता येईल इतक्या व्यवस्थित ठेवला होता. शाळेच्या वळणावर एक सायकलवाली मुलगी आडवी आली आणि मी नियमाप्रमाणे ब्रेक दाबला. चूक कोणाची, हे उघड आहे.

चार सेकंदांत टॉवेल उचलला. कॉफीने पार भिजला होता. खाली बघतो तर तळहाताएवढा डाग. तांबूस, कडा थोडी जांभळट. हात लावला तर कोरडा. म्हणजे चार सेकंदांत कापडाने सगळी कॉफी पिऊन टाकली. यावरून डाग किती गंभीर आहे ते कळते.

घाबरायचे कारण नाही. हा डाग योग्य माणसाच्या हाती पडला आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७.

योग्य माणूस का, ते लिहितो. मी लाँड्रीच्या काउंटरवर बसतो. गिऱ्हाईक कपडा देते, मी चिठ्ठी लिहितो: कोणता कपडा, कोणता रंग, डाग कुठे, डाग कशाचा. दोन वर्षांत अंदाजे नऊ हजार डाग लिहिले. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. नववीत मला शुद्धलेखनाला पैकीच्या पैकी होते. बाकीच्या विषयांत तपासणाऱ्यांचे चुकले आणि शाळा सुटली. डाग या विषयावर माझ्याइतका लेखी अनुभव या शहरात कोणाला असेल असे वाटत नाही.

प्रत्यक्ष डाग मागच्या खोलीत निघतात. ते काम आतले काका करतात. ते अंगमेहनतीचे काम आहे.

संकल्प: रविवार संध्याकाळपर्यंत डाग साफ. कोणालाही कळता कामा नये, विशेषतः आईला.

आज गाडी फिरवली नाही. सकाळी लाँड्रीपर्यंत नेली होती, ते धरायचे.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७:२०.

आईला कळले. कॉफीचा वास माझ्या शर्टालाही येत होता. तिने जिन्यातूनच विचारले, गाडीत सांडलीस का रे. मी म्हणालो, थोडी. ती म्हणाली, तुझं थोडं मला माहितीये.

शुक्रवार, ८ मार्च. सकाळी ७:१५.

काल आणि आज मिळून एक्केचाळीस व्हिडिओ पाहिले. वही केली. एक बाई म्हणते व्हिनेगर, एक बाप्या म्हणतो खाण्याचा सोडा, एक मुलगा दाढीचा फेस लावतो आणि मधेच नाचतो. प्रत्येक जण म्हणतो की बाकीच्यांचे ऐकू नका. मी तिघांचेही ऐकायचे ठरवले आहे. त्यामुळे माझी पद्धत तिघांपेक्षा तिप्पट चांगली असणार.

सगळ्यांनी एक गोष्ट सांगितली: डाग चोळू नका, टिपा. वहीत लिहून दोनदा अधोरेखित केले.

गाडी फिरवली नाही. अभ्यास होता.

शनिवार, ९ मार्च. दुपारी १:३०, जेवणाची सुट्टी.

आतल्या काकांना विचारायची गरज नव्हती. तरी सहज, त्यांचे ज्ञान कितपत आहे ते बघावे म्हणून मोबाइलवरचा फोटो दाखवला. म्हटले, एका मित्राची सीट आहे, परवा कॉफी सांडली. काकांनी फोटो लांब धरला, जवळ धरला, चष्मा कपाळावर नेला. म्हणाले, परवा? हा डाग तुझ्या मित्राला मिसरूड फुटायच्या आधीचा आहे. आणि कॉफी नाही ही. मग म्हणाले, मित्राला सांग, काही करू नको. पाणी तर अजिबात ओतू नको. गादी आतून भिजली की आठवडा आठवडा वाळत नाही, आणि वरून वाळली तरी आतला मळ पुन्हा वर येतो.

काकांची नजर आता कमी झाली आहे. तीस वर्षे वाफेत काम केल्यावर असे होणारच. मला त्यांचे वाईट वाटले.

रंग तांबूस का, याचाही उलगडा झाला. कॉफीवाला कॉफीत भेसळ करतो. नोकरी लागली की त्याची लेखी तक्रार करीन.

रविवार, १० मार्च. सकाळी १०.

प्रत्यक्ष कामाला सुरुवात. साहित्य: व्हिनेगर दोन बाटल्या (लेबलवर 'व्हिनिगार' छापले आहे, मनात शंका आली, पण घेतली), भांडी घासायचा साबण, मऊ ब्रश, आणि सांडलेल्या कॉफीमुळे तसाही बाद झालेला तो निळा टॉवेल. त्याचे कात्रीने चार सारखे तुकडे केले. मोजून, पट्टी लावून.

टिपायला सुरुवात केली.

१०:२५. टिपून काही होत नाही. थोडे चोळले.

१०:४०. चोळले.

११:१०. डाग फिका झाल्यासारखा वाटतो. डोळे बारीक केले तर निश्चित फिका आहे.

दुपारी ३. वाळल्यावर पाहिले. डाग आहे तिथेच आहे, आणि त्याच्याभोवती आता एक गोल कडा आली आहे, नकाशात सीमा काढतात तशी. व्हिडिओवाल्या बाईच्या सीटला कडा आली नव्हती. व्हिनिगार.

सोमवार, ११ मार्च. सकाळी ८.

उजेडात नीट पाहिले. एक चांगली बातमी आहे. डागाभोवती जेवढा भाग घासला, तेवढा अत्यंत स्वच्छ झाला आहे. इतका, की सीटचा मूळ रंग राखाडी नसून जवळजवळ पांढरा होता हे आज कळले. भावोजींनाही माहीत नसेल.

अडचण एवढीच की राखाडी सीटच्या मध्यभागी आता बशीएवढा पांढरा गोल दिसतो आणि त्याच्या बरोबर मध्ये तांबूस डाग. आई भाजीची पिशवी घेऊन खाली आली होती. खिडकीतून बघून म्हणाली, अगदी अर्धं कच्चं अंडं दिसतंय.

मग म्हणाली, एक टॉवेल टाक की त्यावर, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी तिला समजावले की टॉवेल टाकून डाग झाकणे ही अडाणी माणसांची पद्धत आहे. शिकलेला माणूस मुळाशी जातो. ती म्हणाली, नववीच्या मुळाशी गेला असतास तर बरं झालं असतं.

वडीलधाऱ्यांशी वाद घालू नये.

मंगळवार, १२ मार्च. संध्याकाळी ६.

तर्क साधा आहे. गोल पांढरा दिसतो, कारण बाकीची सीट मळकी आहे. तेव्हा पूर्ण सीट गोलाइतकी स्वच्छ करायची. मग गोल दिसणार नाही. या विचाराने दिवसभर काउंटरवर बरे वाटले. तीन चिठ्ठ्यांवर 'गोल' लिहिले गेले. एका बाईने विचारले, माझ्या साडीला गोल काय आहे?

खाण्याचा सोडा सहा पाकिटे पाण्यात कालवून सगळ्या सीटला लेप दिला. कडक ब्रश नवा आणला. वरच्या मजल्यावरच्या तीन भावांपैकी मधला गॅलरीतून ओरडला, काय हो, गाडीचं लग्न आहे का? त्याला सोड्याचे रसायनशास्त्र समजावून सांगणार होतो, पण तो आत गेला.

गाडी फिरवणे शक्य नव्हते. सीटला लेप होता.

बुधवार, १३ मार्च. दुपारी २.

मालकांना नोकरी सोडत असल्याचे सांगितले. सोमवारपासून येणार नाही म्हणालो. घाई केली असे कोणी म्हणेल, पण प्रामाणिक माणसाने वेळेवर सांगितले पाहिजे. मालक इस्त्रीच्या गठ्ठ्यावर आकडे घालत होते. मान वर न करता म्हणाले, नोकरी लागली का तिकडे? मी म्हणालो, रविवारी लागणार आहे. ते म्हणाले, बाजारात तुरी. मग म्हणाले, बरं बरं, आधी ती पडद्यांची चिठ्ठी पूर्ण कर.

आत काकांचे हसणे ऐकू आले. बहुधा रेडिओ असावा.

येताना बूट घेतले. काळे, चकचकीत, उधारीवर. पांढरे हातमोजेही. ड्रायव्हरचे हात आणि पाय या दोनच गोष्टी साहेबांना बाजूच्या सीटवरून सतत दिसतात.

सोडा अजून निघतो आहे. झटकला की धूर येतो.

गुरुवार, १४ मार्च. संध्याकाळी ६:३०.

सोडा पाण्याने धुऊन काढला. अडीच बादल्या. काका म्हणाले होते पाणी ओतू नको. मी ओतले नाही, हळूहळू सोडले.

आता वाळवणे. इथे मला एक कल्पना सुचली, जी एक्केचाळीस व्हिडिओंपैकी एकातही नाही. इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली अर्धी फिरवली आणि ब्लोअर पूर्ण जोरात सोडला. पेट्रोलचा एक थेंबही खर्च नाही, आणि सीटला सतत वारा. दोन तास चालवला. सोबत गाणीही लावली. लोक फुकटच्या गोष्टींचा उपयोग करत नाहीत.

गाडी फिरवली नाही, पण चालू होती असे म्हणता येईल.

शुक्रवार, १५ मार्च. सकाळी ७:०५.

डाग गेला.

पुन्हा लिहितो. डाग गेला. पूर्ण सीट एकसारखी गडद राखाडी दिसते. गोल नाही, कडा नाही, अंडे नाही. हात लावला तर थोडी ओलसर आहे, पण ते किरकोळ आहे.

आईला खाली आणून दाखवले. ती म्हणाली, ओली आहे म्हणून दिसत नाही. काही माणसांना दुसऱ्याचे यश बघवत नाही. आईही माणूसच आहे.

काकांनाही सांगितले, मित्राचा डाग गेला म्हणून. काका म्हणाले, वाळल्यावर सांग.

दुपारी ताईचा फोन. विचारले, गाडी फिरवतोस ना रे रोज? मी म्हणालो, रोज. ती म्हणाली, साहेब तुझी चौकशी करत होते. आम्ही सांगितलंय, पोरगा वेळेचा पक्का आणि सांगितलेलं ऐकणारा आहे. शब्द पाळ बाबा, आम्ही तुझ्यासाठी शब्द टाकलाय. मग फोन भाचीने घेतला. वय वर्षे सहा. तिने विचारले, मामा तू हॉर्न वाजवतोस का? मी म्हणालो, गरज असेल तरच. ती म्हणाली, मग मजा काय.

ब्लोअर आज तीन तास.

शनिवार, १६ मार्च. सकाळी ९.

डाग परत आला.

आता तो मोठा आहे. कडा दोन आहेत. सोड्याचा पांढरा पट्टा सीटच्या शिलाईत भरला आहे आणि व्हिनेगरचा वास काच बंद असतानाही बाहेर येतो. वरून बऱ्यापैकी कोरडी आहे, पण बोट दाबले की आतून कुठेतरी चुळुक असा आवाज येतो.

मी खचलो नाही. दहा मिनिटे जिन्यात बसलो होतो, ते फक्त विचार करण्यासाठी.

दुपारी १२. अंतिम योजना: कार्पेटचा शॅम्पू, महागातला. आईकडून तीनशे घेतले. ती पैसे देताना म्हणाली, याला म्हणतात खाजवून खरूज काढणं. पैसे मात्र दिले. गरम पाणी, शॅम्पू, कडक ब्रश, पूर्ण ताकद. पाठीचा भाग, बसायचा भाग, बाजू, सगळे. उजवी सीटही धुवायला घेतली, कारण डावी उजळली की उजवी काळी दिसणार. नंतर वेळ बघून उजवी अर्धीच सोडली.

४:३०. ऊन उत्तम. दोन्ही दारे उघडी. ब्लोअर.

५:४५. ब्लोअरचा आवाज हळूहळू मंद होत गेला. यंत्रालाही थकवा येतो. मी त्याला विश्रांती दिली. आतला दिवा मात्र चालू ठेवला, तेवढीच ऊब.

७. वरचे कापड कोरडे. खरोखर कोरडे. लिंबाच्या वासाचा फवारा अर्धी बाटली मारला. आता वास व्हिनेगर आणि लिंबू असा येतो. म्हणजे सॅलड झाले, फक्त काकडी कमी आहे. हा विनोद मी स्वतःच केला आणि स्वतःच हसलो. मन शांत आहे याचे ते लक्षण.

उद्याचे वेळापत्रक: ६ ला उठणे. ९:५० ला निघणे. १०:१५ ला स्टेशन. पंचवीस मिनिटे आधी. साहेब घड्याळाकडे बघतील आणि मग माझ्याकडे बघतील.

रविवार, १७ मार्च. सकाळी ९:४८.

बूट घातले. हातमोजे घातले. सीट वरून कोरडी. डाग आहे, पण साहेब त्यावर बसणार, तेव्हा तो दिसणार कोणाला? हे आधी का सुचले नाही कोण जाणे.

निघतो.

९:५१.

किल्ली फिरवली. टक.

९:५३.

टक.

९:५८.

आता टकही नाही.

त्याच दिवशी, दुपारी ४.

जे घडले ते जसेच्या तसे, कारण उद्यापर्यंत मला ते वेगळे आठवायला लागेल.

गाडी ढकलायला वरचे तिघे भाऊ, पेपरवाला आणि आई. आई चपला काढून ढकलत होती आणि ढकलताना एकेक वाक्य बोलत होती. रोज. दहा. मिनिटं. एवढंच. सांगितलं. होतं. मधला भाऊ म्हणाला, काकू, तुम्ही बोलू नका, दम लागेल. आई म्हणाली, बोलल्याशिवाय माझ्यात जोर येत नाही. तिसऱ्या खेपेला उतारावर गाडी सुरू झाली. मी इंजिन बंद पडेल म्हणून थांबलोच नाही. आरशात पाचही जण हात हलवताना दिसले. नंतर कळले की ते हात हलवत नव्हते, पेपरवाल्याची पिशवी डिकीच्या झाकणात अडकली होती.

स्टेशनवर ११:२५. साहेब स्वतःच्या सुटकेसवर बसले होते. भावोजी रस्त्याकडे बघत उभे होते, मग माझ्याकडे बघत उभे राहिले. साहेब मात्र सज्जन. म्हणाले, होतं असं. करड्या रंगाची पँट, कडक इस्त्री. आमच्याकडची नाही, पण इस्त्री चांगली होती. मी दार उघडून धरले, हातमोज्यांसह. ते बसले.

साहेब वजनाने भारदस्त आहेत. मला तो आवाज पहिल्या वळणावर आला. चुळुक.

साहेबांनी विचारले, या गाडीत सीट थंड करायची सोय आहे का?

मी म्हणालो, हो साहेब.

मागून भावोजी म्हणाले, कुठली सोय?

पुढच्या सिग्नलला साहेब म्हणाले, कोणी सॅलड सांडलंय का इथे? मी म्हणालो, नाही साहेब. हे एक वाक्य मी संपूर्ण सत्य बोललो. खड्डे तीन आले, तिन्ही मी अत्यंत हळू घेतले, पण हळू घेतले की वजन जास्त वेळ दाबते हे लक्षात आले नाही. तिसऱ्यानंतर साहेबांनी दाराच्या वरची कडी पकडली आणि घर येईपर्यंत अर्धे अधांतरी बसले. गुडघे दुखत असतानाही.

भाची दोन सीटांच्या मधून डोके घालून बघत होती. म्हणाली, मामा, साहेबकाकांच्या खाली फेस येतोय.

ताईने तिला मागे ओढले. ताईचा चेहरा आरशात दिसत नव्हता, कारण तिने तो ओढणीत घातला होता.

साहेब उतरले. पँटवर ताटाएवढा ओला गोल, कडेला पांढरी रेघ. सोड्याची. सोमवारी माझ्या सीटवर होता अगदी तसा. मला तो ओळखू आला. रस्त्यापलीकडे त्यांच्या शेजारीणबाई उभ्या होत्या, म्हणून साहेब आमच्याकडे पाठ न करता, हात जोडत, फाटकापर्यंत उलटे चालत गेले. भावोजीही गाडीतून उतरून हात जोडत राहिले. तिकडे जाऊन हळू आवाजात काही बोलणे झाले.

परत आल्यावर भावोजींनी पुढचे दार उघडले. बराच वेळ सीटकडे बघितले. मी उत्तरे तयार ठेवली होती, क्रमाने सात. त्यांनी त्यातले काहीच विचारले नाही. म्हणाले, टॉवेल कुठाय?

मी म्हणालो, कुठला टॉवेल?

ते म्हणाले, निळा. डाग झाकायला टाकला होता तो.

मी विचारले, कुठला डाग?

आता ताईने ओढणीतून तोंड बाहेर काढले. डोळ्यांतून पाणी येत होते. म्हणाली, अरे माझ्या बिटाच्या रसाचा! ही पोटात होती तेव्हा डॉक्टरांनी रोज प्यायला सांगितला होता, एकदा अख्खा ग्लास तिथे उपडा केला. सहा वर्षं झाली त्याला. यांनी किती उपाय केले, शेवटी टॉवेल टाकला आणि विषय संपवला.

भाची फार खूश झाली. म्हणाली, म्हणजे तो माझा डाग आहे.

मी म्हणालो, मग कॉफीचा?

भावोजी म्हणाले, कॉफी कधी सांडली?

इथे मी बोलायला नको होते. पण एकदा विचारले की मला सगळे क्रमाने सांगायची सवय आहे. ७ तारखेपासून सांगितले. ब्लोअरपाशी आलो तेव्हा भावोजी म्हणाले, थांब. इंजिन बंद ठेवून? मी म्हणालो, पेट्रोल वाचावे म्हणून. त्यांनी डोळे मिटले. बहुधा प्रवासाचा शीण.

मी विचारले, साहेब काय म्हणाले? भावोजी म्हणाले, साहेब म्हणाले, पोरगा कष्टाळू दिसतो, त्याला गाडीपासून लांबचं काहीतरी बघा.

घरी आल्यावर आईने फक्त एक गोष्ट केली. बूट उचलून नीट पुसून खोक्यात परत ठेवले. तेवढेच मला जड गेले.

सोमवार, १८ मार्च. सकाळी ९:३०.

लाँड्रीत. मालकांनी मला बघून फक्त घड्याळाकडे पाहिले आणि पडद्यांच्या चिठ्ठीचे पुस्तक पुढे सरकवले. ते मागे कधी घेतलेच नव्हते, असे दिसते.

११:१०. साहेबांचा ड्रायव्हर आला, त्यांची नेहमीची लाँड्री सोमवारी बंद असते म्हणून. पिशवीतून करडी पँट काढली. फार आनंदात होता. म्हणाला, काल साहेब घरी आले ते थेट मलाच फोन केला. म्हणाले, सोडू नकोस बाबा, म्हणशील तेवढा पगार वाढवतो. कोण्या भल्या माणसाची कृपा झाली बघा.

मी चिठ्ठी घेतली. पँट: एक. रंग: करडा. डाग कुठे: मागे, मध्यभागी. डाग कशाचा: इथे पेन थांबले. नऊ हजार डागांत पहिल्यांदा. ड्रायव्हर म्हणाला, लिहा ना, पाणी असेल. पण चुकीचे लिहिणे माझ्याच्याने होत नाही. लिहिले: व्हिनेगर, साबण, खाण्याचा सोडा, शॅम्पू, सुगंधी फवारा, बिटाचा रस (सहा वर्षे जुना). चिठ्ठी पुरली नाही, दुसरी जोडली. कॉफी लिहिली नाही, कारण आता कळले की कॉफी सीटवर पडलीच नव्हती. ती सगळी टॉवेलने घेतली होती.

काकांनी दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या, चष्मा न लावता. पँट आत नेली. 

दुपारी ३. काकांनी पँट बाहेर आणली तेव्हा कोरी करकरीत. मी विचारले, काय लावलं? काका म्हणाले, गार पाण्यात बुडवली. दुसरं काय लावायचं, सगळं तर तू आधीच लावलं होतंस.

मग आत जाता जाता म्हणाले, आणि मित्राला सांग, उन्हात सीट सोडवून ठेव म्हणावं. मी येतो रविवारी. चहा पाजायला सांग त्याला.

मी म्हणालो, सांगतो.

संध्याकाळी ६:४०. हिशेब.

झालेला खर्च:
व्हिनेगर, दोन बाटल्या: ९०
खाण्याचा सोडा, सहा पाकिटे: ७२
कार्पेट शॅम्पू: २४०
ब्रश, मऊ: ३५
ब्रश, कडक: ४५
फवारा, लिंबू: १५०
हातमोजे, पांढरे: ६०
ढकलणाऱ्यांना चहा (आईने घेतला नाही): ४०
कॉफी: २०
टॉवेल, निळा, नवा: १८०
एकूण: ९३२

देणे:
आई: ३००
बूटवाला: ८५० (एकदाच घातले आहेत, परत घेत नाही म्हणाला)
मालक, करड्या पँटची धुलाई, पगारातून: ४०
भावोजी, नवी बॅटरी: ४२०० (नको म्हणाले, दोनदा नको म्हणाले, तरी लिहिले)
एकूण: ५३९०

टॉवेल आताच जाऊन सीटवर टाकला. चौघडी करून, कडा सारख्या करून. डाग दिसत नाही. वेळ लागला: चार सेकंद.